संविधानातले चौकोनी कंस आणि आपल्या 'स्वच्छ' फाईली



या लेखाची सुरुवात एका चुकीच्या कबुलीने करतो, कारण चूक माझी आहे.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत रेल्वे स्टेशनजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. पुढचे तुम्हाला माहीत आहे. बंद, वस्त्यांमधली धरपकड, आणि १५ डिसेंबरला कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या सोमनाथ सूर्यवंशी यांचा कोठडीत असताना झालेला मृत्यू. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, प्रकरण न्यायालयात गेले आहे. इथे उल्लेख एवढ्यासाठी की, त्यानंतर आमच्या अभ्यासिकेत येणारी पोरे एकच गोष्ट मागू लागली : सर, संविधान मोबाईलवर द्या. पीडीएफ नको, अक्षर बारीक दिसते, सारखे मोठे करून सरकवावे लागते. साधी फाईल द्या, वाचता येईल अशी.

मी दिली. वेबपानावरून मूलभूत हक्कांचा भाग आणि आरक्षणाची कलमे घेतली, कॉम्प्युटरवर 'शोधा आणि बदला' चालवले, कोनी कंसातले सगळे टॅग उडवले. टॅग गेले तरी तळटिपांचे आकडे मजकुराला चिकटून राहिले, म्हणून आकडेही उडवले. मग चौकोनी कंस खटकले, तेही काढले. मध्येच तीन-तीन फुल्या दिसत होत्या, त्या तर मला छपाईची घाणच वाटली. अर्ध्या तासात फाईल 'स्वच्छ' झाली. व्हॉट्सॲपवर टाकली. जिंतूर, सेलू, गंगाखेड, पाथरी, पालम, कुठे कुठे गेली असेल ते मला ठाऊक नाही.

१४ एप्रिलच्या निमित्ताने झालेल्या एका वक्तृत्व स्पर्धेत पूर्णा तालुक्यातली एक मुलगी बोलायला उभी राहिली. अभ्यास चांगला, आवाज खणखणीत. ती म्हणाली की, बढतीतल्या आरक्षणाचे कलम १६(४क) बाबासाहेबांनी १९४९ सालीच लिहून ठेवले होते. परीक्षकांमध्ये कायदा शिकवणारे एक गृहस्थ होते. त्यांनी शांतपणे विचारले, बाळ, सत्त्याहत्तरावी घटनादुरुस्ती कोणत्या सालची? मुलगी गप्प. मागच्या रांगेतून दोघे-तिघे हसले. खाली आल्यावर तिने मला मोबाईल दाखवला : सर, इथे तर तसे काही लिहिलेलेच नाही.

खरेच लिहिलेले नव्हते. ते मी पुसले होते.

कलम १६(४क) हे १९९५ च्या सत्त्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आले. त्याआधी, १६ नोव्हेंबर १९९२ रोजी, इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बढतीत आरक्षण देता येणार नाही असे म्हटले होते. त्यावर संसदेने हे उत्तर दिले. पुढे २००१ मध्ये पंच्याऐंशीव्या दुरुस्तीने त्यातल्या ज्येष्ठतेविषयीच्या शब्दांत बदल केला आणि तो बदल १७ जून १९९५ पासून लागू धरला. सरकारी छापील प्रतीत हा सगळा इतिहास एका चौकोनी कंसात, त्याच्या आधीच्या बारीक आकड्यात आणि पानाच्या तळाशी असलेल्या दोन ओळींत मावलेला असतो. कंस म्हणजे : इथून इथपर्यंतचा मजकूर नंतर आला. आकडा म्हणजे : कोणी आणि केव्हा आणला ते खाली पाहा. आणि मला घाण वाटलेल्या त्या तीन फुल्या? त्यांचा अर्थ, इथे पूर्वी काही होते, ते वगळले. मालमत्तेचा मूलभूत हक्क १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने काढला गेला. कलम १९ मध्ये त्याची जागा फुल्याच दाखवतात. मी फुल्या पुसल्या आणि एक मूलभूत हक्क कधी काळी अस्तित्वात होता ही गोष्टच माझ्या फाईलीतून गेली.

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा कंसांचे काय घेऊन बसलात. तर मित्रांनो, आपल्याविरुद्ध जो सर्वांत जास्त वापरला जातो तो युक्तिवाद आठवा. "बाबासाहेबांनी आरक्षण फक्त दहा वर्षांसाठी दिले होते." कॉलेजच्या कट्ट्यावर, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, कुठे ऐकले नाही? हा युक्तिवाद जिवंत राहतो तो मजकुरावरची खूण गायब झाल्यामुळेच. दहा वर्षांची मुदत आहे ती कलम ३३४ मध्ये. त्या कलमाचे शीर्षकच सांगते की, ते राखीव जागांविषयी आहे, म्हणजे लोकसभा आणि विधानसभांमधल्या जागांविषयी. नोकऱ्यांतल्या आरक्षणाचे कलम १६(४) मूळ संविधानात आहे आणि त्याला कसलीही मुदत नाही. शिक्षणातल्या आरक्षणाला आधार देणारे १५(४) हे मूळ संविधानात नव्हतेच. मद्रासच्या चंपकम दोराईराजन प्रकरणातल्या निकालानंतर १९५१ च्या पहिल्याच घटनादुरुस्तीने ते आले, आणि तेव्हा कायदामंत्री स्वतः बाबासाहेब होते. म्हणजे ते कंसात आहे, तरी त्यांच्या काळातले आहे. त्यालाही मुदत नाही.

शीर्षक हादेखील एक टॅगच असतो. तो गळला की उरते फक्त "दहा वर्षे", आणि मग ती दहा वर्षे कोणालाही कशालाही चिकटवता येतात.

कलम ३३४ ची तळटीप तर एकदा तरी सावकाश वाचावी अशी आहे. १९५९ मध्ये दहाची वीस वर्षे झाली, १९६९ मध्ये तीस, १९८० मध्ये चाळीस, १९८९ मध्ये पन्नास, १९९९ मध्ये साठ, २००९ मध्ये सत्तर आणि २०१९ च्या एकशे चाराव्या दुरुस्तीने ऐंशी. प्रत्येक वेळी एक आकडा काढून दुसरा बसवला, आणि प्रत्येक वेळी संसदेला पुन्हा मान्य करावे लागले की परिस्थिती अजून बदललेली नाही. सात वेळा. मूळ दहा वर्षांबद्दल बाबासाहेबांचे स्वतःचे मत काय होते? ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत त्यांनी स्पष्ट सांगितले होते की, अनुसूचित जातींसाठी याहून जास्त मुदत मागण्याची त्यांची तयारी होती; पण सभागृहाचा निर्णय झाला होता आणि तो त्यांनी स्वीकारला. दहा हा आकडा त्यांच्या मनातला नव्हता, सभेचा होता. हे ज्याला माहीत आहे त्याला कट्ट्यावर हरवून दाखवा.

याच्या उलट बाजूची उदाहरणेही आहेत. २०१५ च्या प्रजासत्ताकदिनी केंद्र सरकारच्या जाहिरातीत संविधानाची जुनी उद्देशिका छापली गेली, त्यात 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द नव्हते. गदारोळ झाला. उत्तर मिळाले की, ही मूळ उद्देशिका आहे. मूळ आहे हे खरेच; ते दोन शब्द १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीचे आहेत आणि ३ जानेवारी १९७७ पासून लागू झाले. प्रश्न असा की, जी १९५० ची प्रत आहे तिच्यावर १९५० ची खूण का नको? खूण नसलेली जुनी प्रत आजची प्रत म्हणून वाचली जाते, आणि तसे व्हावे अशी कोणाची तरी इच्छा असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दोन शब्दांना आव्हान देणाऱ्या याचिका फेटाळल्या. वाद संपला असे मला वाटत नाही. पण आपल्या बाजूच्या पोस्टरवर हेच दोन शब्द "बाबासाहेबांचे शब्द" म्हणून छापलेले मी पाहिले आहेत. तेही चूक आहे. खरे सांगूनही त्या शब्दांची बाजू लढवता येते. खोट्यावर उभे राहिलो तर पहिल्या प्रश्नालाच पडतो, जशी माझ्यामुळे ती मुलगी पडली.

या खुणांचा इतिहास थोडक्यात सांगतो. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला सूचना देण्यासाठी हस्तलिखितावर पेन्सिलीने खुणा करत : हे ठळक, हे तिरपे, हा मथळा. कॉम्प्युटर आल्यावर तीच खुणांची पद्धत फाईलीत शिरली. आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९६९ च्या सुमारास मजकुरात खुणा पेरण्याची एक भाषा बनवली. तिच्यातून १९८६ मध्ये एसजीएमएल हे जागतिक मानक झाले, आणि त्या वळणावर नव्वदच्या सुरुवातीला टिम बर्नर्स-ली यांनी वेबपानांसाठी एचटीएमएल तयार केली. गोल्डफार्ब मंडळींचा मुद्दा साधा होता. खुणेने दिसणे सांगू नका, ती वस्तू काय आहे ते सांगा. 'तिरपे' असे न लिहिता 'हे अवतरण आहे', 'ही तळटीप आहे' असे लिहा. दिसणे नंतर ठरवता येते. आपण मात्र टॅग म्हटले की नटवानटवी समजतो आणि साफ करायला जातो.

बाबासाहेबांच्या ग्रंथांकडे वळतो, कारण तिथे धोका संविधानापेक्षाही मोठा आहे.

'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'चा जन्मच मजकूर गाळण्याच्या मागणीतून झाला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ च्या अधिवेशनाचे अध्यक्षपद बाबासाहेबांना दिले, भाषण वाचले, आणि वेदांविषयीचा व धर्म सोडण्याविषयीचा भाग काढावा म्हणून पत्रे लिहिली. बाबासाहेबांनी कळवले की, एक स्वल्पविरामही बदलणार नाही. अधिवेशन रद्द झाले. बाबासाहेबांनी भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण त्या छोट्या पुस्तकात किती जणांचे आवाज आहेत याचा विचार आपण केला आहे का? प्रस्तावनेच्या भागात मंडळाच्या हर भगवान यांची पत्रे आहेत. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत परिशिष्ट म्हणून गांधींचे 'हरिजन'मधले लेख जसेच्या तसे छापले आहेत, संतराम यांचे पत्र आहे, आणि त्यानंतर बाबासाहेबांचे गांधींना उत्तर आहे. विरोधकाचे म्हणणे पूर्ण छापून मग खोडायचे, ही त्यांची पद्धत. पूर्वपक्ष आधी, उत्तरपक्ष नंतर.

आता या पुस्तकाच्या फाईलीतले टॅग उडवा. अवतरणाचा समास गेला, परिशिष्टाचा मथळा साध्या ओळीत विरघळला, पत्राखालची सही दोन परिच्छेदांच्या मध्ये कुठेतरी लटकली. वडिलोपार्जित धंदा पत्करण्याचे गांधींनी केलेले समर्थन आता अशा फाईलीत आहे जिच्या नावात 'आंबेडकर' आहे. कोणीतरी त्यातला एक परिच्छेद उचलतो, वर बाबासाहेबांचा फोटो लावतो. लाहोरच्या मंडळाला जे १९३६ मध्ये जमले नाही ते आपण एका कमांडने करतो, आणि तेही भक्तिभावाने.

'पाकिस्तान ऑर द पार्टिशन ऑफ इंडिया' या ग्रंथाची गत याहून वाईट आहे. १९४० मध्ये वेगळ्या नावाने आलेला आणि १९४५ मध्ये या नावाने वाढवलेला हा ग्रंथ वकिली शिस्तीचा आहे. पहिला भाग मुस्लिमांची पाकिस्तानची बाजू मांडतो, दुसरा हिंदूंची त्याविरुद्धची बाजू. मथळे वाचले तर कोणाची बाजू चालू आहे ते कळते. मथळे गळले की दोन्ही बाजूंची वाक्ये बाबासाहेबांची मते होऊन फिरू लागतात. त्यांना मुस्लिमद्वेष्टे ठरवणाऱ्यांनाही हे सोयीचे, आणि पाकिस्तानवादी ठरवणाऱ्यांनाही सोयीचे. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे : फिरणारी सगळीच वाक्ये अशी नाहीत. चौथ्या भागात हिंदू आणि मुस्लिम दोन्ही समाजांच्या साचलेपणाविषयीची परखड मते त्यांची स्वतःची आहेत. ती आपल्याला अडचणीची वाटतात म्हणून "ते तर विरोधकांचे म्हणणे होते" असे सांगून सुटता येणार नाही. खूण जागेवर असली की ती आपल्यालाही खोटे बोलू देत नाही.

महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांचे लेखन-भाषणांचे खंड काढायला सुरुवात केली. हे काम झाले नसते तर आपल्या हातात काय उरले असते, कल्पना करवत नाही. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या खंडांत अप्रकाशित हस्तलिखिते आहेत, म्हणून तिथे प्रकरणांवर संपादकांची टिपणे आहेत : टंकलिखित प्रत किती पानांची, दुरुस्त्या कोणाच्या हस्ताक्षरात, कुठली पाने मिळाली नाहीत. छापील पुस्तकात ती वेगळ्या टंकात आहेत. साध्या टेक्स्टमध्ये ती पहिला परिच्छेद होऊन बसतात आणि बाबासाहेब स्वतःच्या हस्ताक्षराविषयी तृतीयपुरुषात बोलताना दिसतात. हसू येते, पण थांबा. चौथा खंड म्हणजे 'रिडल्स इन हिंदुइझम', १९८७. राम आणि कृष्णाविषयीच्या प्रकरणावरून शिवसेनेने काय रान पेटवले आणि त्याला उत्तर म्हणून दलित जनता मुंबईच्या रस्त्यावर कशी उतरली, हे तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा. तडजोड झाली ती एका टिपेवर : या प्रकरणातील मतांशी शासन सहमत नाही, अशा अर्थाची ओळ तिथे छापली गेली. त्या एका ओळीसाठी आणि ती फक्त टीप राहावी, मजकुराला हात लागू नये यासाठी माणसे रस्त्यावर उतरली होती. आज कोणी उत्साही तरुण त्या फाईलीतले टॅग काढतो, आणि शासनाची असहमती बाबासाहेबांच्या परिच्छेदात जाऊन बसते.

टीप कोणी लिहायची, हा वाद आपल्या चळवळीला नवा नाही. २०१४ मध्ये नवयान प्रकाशनाने 'अ‍ॅनिहिलेशन'ची सटीप आवृत्ती अरुंधती रॉय यांच्या दीर्घ प्रस्तावनेसह काढली, तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी कडाडून आक्षेप घेतला. तो आक्षेप मला आजही बराचसा पटतो. घरमालकाच्या आधी पाहुण्याने बोलू नये. पण तो आक्षेप घेता आला तो एवढ्याचमुळे की, प्रस्तावना कुठे संपते, टीप कुठली आणि बाबासाहेब कुठले, हे त्या पुस्तकात डोळ्यांना दिसत होते. कोलंबिया विद्यापीठातल्या प्राध्यापक फ्रान्सिस प्रिचेट यांनी याच ग्रंथाची वेब आवृत्ती केली, तेव्हा वाचकाच्या सोयीसाठी स्वतः दिलेले विभागांचे मथळे चौकोनी कंसात ठेवले. कंस म्हणजे त्यांचे म्हणणे : हे माझे, बाबासाहेबांचे नाही. त्या आवृत्तीवरून उतरवताना ते कंस गळाले, तर प्रिचेटबाईंचे मथळे बाबासाहेबांचे होऊन जातात. दोष त्यांचा नाही.

आता मराठीची खास अडचण. इंग्रजी फाईलीतला टॅग गेला तर अर्थ हरवतो, अक्षरे तरी उरतात. आपल्या जुन्या मराठी फाईलीत टॅग गेला तर भाषाच जाते.

माझ्याकडे नामांतर लढ्याच्या आठवणींची एक पुस्तिका आहे, नव्वदच्या दशकाच्या शेवटी परभणीतल्या एका डीटीपीच्या दुकानात पेजमेकरवर केलेली. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर परभणी, नांदेड, औरंगाबाद जिल्ह्यांत आपल्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. पुस्तिकेच्या शेवटी काही गावांतल्या त्या कुटुंबांची नावे आहेत. छापील प्रत वाळवीने खाल्लेली, उरली ती सीडीवरची फाईल. ती साध्या टेक्स्टमध्ये काढली आणि समोर आले इंग्रजी अक्षरांचे भुसकट.

कारण असे की, युनिकोड रूढ होण्याआधीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर असे फाईलीत नसेच. कृतिदेव घ्या. त्यात 'भारत' हा शब्द फाईलीत एच, के, के, जे, आर असा साठवलेला असतो. एच म्हणजे अर्धा भ, पहिल्या के ने तो पूर्ण होतो, दुसरा के म्हणजे काना, जे म्हणजे र, आर म्हणजे त. ही इंग्रजी अक्षरे नसून मराठी आहे, हे सांगणारी एकच गोष्ट फाईलीत असते : फॉन्टच्या नावाचा टॅग. तो काढलात की कॉम्प्युटरच्या लेखी ते इंग्रजीच. १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरी होती, विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्ट आला, पण आपल्या दुकानांतले काम पुढे कित्येक वर्षे जुन्याच फॉन्टवर चालले. चळवळीची किती स्मरणिका, पत्रके, पुस्तिका त्या फाईलींत अडकल्या आहेत याचा हिशोब कोणी केलेला नाही.

मी परत तीच चूक केली. सगळा मजकूर फॉन्ट बदलणाऱ्या प्रोग्रामात ओतला. मराठी झाले, पण पुस्तिकेत मधे मधे इंग्रजी ठरावांचे उतारे होते, त्यांचेही 'मराठी' झाले. टॅग नसल्याने प्रोग्रामला कळणार कसे की हा तुकडा खरोखरच इंग्रजी आहे? शिवाय जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर यावी लागते. रफार तिथे अक्षराच्या नंतर असतो, इथे आधी. प्रोग्राम बहुतेक ठिकाणी हे जुळवतो; जिथे टंकणाऱ्याने घाईत एखादी कळ मागेपुढे मारली तिथे घसरतो. नेहमीचा शब्द घसरला तर आपण अंदाजाने सुधारतो. आडनाव घसरले तर? माणसाचे नाव अंदाजाने कसे लिहिणार?

टॅगना नीट वागवणारे काम पाहायचे असेल तर फार लांब जायला नको, नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीला जा. १९५४ ते ५६ या काळात रंगूनला सहावी धम्मसंगीती झाली. त्याच काळात, डिसेंबर १९५४ मध्ये, जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेबही रंगूनमध्ये होते. त्या संगीतीने सिद्ध केलेला तिपिटक इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने कॉम्प्युटरवर आणला, देवनागरीत. त्या फाईली मी उघडून पाहिल्या आहेत. ब्रह्मी आवृत्तीचे पान कुठे सुरू होते, पाली टेक्स्ट सोसायटीचे कुठे, थाई आवृत्तीचे कुठे, याच्या खुणा मजकुरातच पेरलेल्या आहेत. सिंहली किंवा थाई प्रतीत एखादा शब्द वेगळा असेल तर तो टिपेच्या टॅगमध्ये, कुठल्या परंपरेतला ते सांगणाऱ्या आद्याक्षरांसह. देवनागरीतून रोमन, सिंहली, थाई लिपीत मजकूर जातो तेव्हा खुणाही जशाच्या तशा जातात. विपश्यनेविषयी आपल्यात मतभेद आहेत, ते असोत. सुत्तांच्या आरंभी ऐकणाऱ्याची साक्ष जपणाऱ्या परंपरेला हे शोभणारे काम आहे. त्याच फाईलीतले टॅग उडवून पाहिले तर दोन परंपरांचे दोन पाठ एकाच वाक्यात शेजारी-शेजारी येतात आणि बुद्ध अडखळत बोलतात असे वाटते.

टॅग काढायचेच नाहीत का? काढायचे, पण आधी त्यांचा अनुवाद करायचा. मोबाईलवर साधी फाईलच चालते, ही पोरांची तक्रार खोटी नाही. मायकेल हार्ट यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्गमध्ये स्वयंसेवक वर्षानुवर्षे साध्या टेक्स्टमध्येच पुस्तके देत आले. तिरपा ठसा जिथे असेल तिथे शब्दाच्या दोन्ही बाजूंना एक रेघ देतात, म्हणजे खूण गेली नाही, फक्त तिचे रूप बदलले. आम्ही संविधानाची फाईल नव्याने केली ती याच पद्धतीने. चौकोनी कंस ठेवले. तळटीप आकड्यासह उडवण्याऐवजी कलमाखालीच 'टीप' असा शब्द लिहून पूर्ण ओळीत दिली : कितवी दुरुस्ती, साल, केव्हापासून लागू. फुल्यांच्या जागी 'इथला मजकूर वगळला' असे लिहिले. ग्रंथांतल्या उताऱ्यात प्रत्येक अवतरणाच्या आधी बोलणाऱ्याचे नाव : गांधी, हर भगवान, संतराम, संपादक. पॅनडॉकसारखा फुकट मिळणारा प्रोग्राम यातले बरेचसे काम करतो. उरलेले डोळ्यांनी, छापील प्रत शेजारी ठेवून. वेळ लागतो. पहिल्या फाईलीला अर्धा तास लागला होता, दुसरीला अडीच महिने.

यातले निम्मे काम त्याच मुलीने केले आहे. कलम ३३४ ची टीप तिने लिहिली, सातही दुरुस्त्यांसह, आणि वर्षे मी दिलेली न घेता स्वतः पडताळून घेतली. बरोबर केले.

जुनी फाईल अजून फिरते आहे. तुमच्या मोबाईलवर संविधानाची अशी फाईल असेल जिच्यात उद्देशिकेत एकही कंस नाही आणि कलम १९ मध्ये एकही फुली नाही, तर ती बहुधा माझीच. काढून टाका आणि नवी मागून घ्या. नामांतराच्या पुस्तिकेतली बहुतेक नावे आता लागली आहेत. अकरा अजून लागत नाहीत, वेलांटी कुठल्या अक्षराची ते ठरत नाही. गावांची नावे वाचता येतात. पुढच्या रविवारी आम्ही चौघे त्या गावांना जाऊन घरोघर विचारणार आहोत.